शाळेचं नाटक : कुणाचा आवाज, कुणाचे कान?

(शिक्षक, पालक आणि नाट्यप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

व्यासपीठावर एकच माणूस उभा आहे, पण आज जे बोलायचं आहे ते तिघांचं मिळून आहे. आमच्यापैकी एक जण शाळेत मराठी शिकवत होत्या, एक प्रकाशयोजना करतात आणि तिसरा नाटकांवर लिहितो. गेली बरीच वर्षं आम्ही तिघं शाळांच्या नाट्यस्पर्धांना परीक्षक म्हणून एकत्र जातो. गॅदरिंगची बोलावणी आली की तिथंही जातो. म्हणून आज ‘मी’ न म्हणता ‘आम्ही’च म्हणणार आहे. चूक निघाली तर ती तिघांत वाटून घेता येते, हाही एक फायदा. आणि चूक निघणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

विषय आहे शाळेच्या नाटकाची समीक्षा. हा विषय ठरला तेव्हा आमच्याच घरातून पहिला आक्षेप आला. ‘अहो, लेकरांचं नाटक ते. त्याची कसली समीक्षा करताय? टाळ्या वाजवा, कौतुक करा आणि घरी या.’ या आक्षेपात माया आहे, हे आम्हांला मान्य आहे. पण थोडा विचार करून बघा. शाळेच्या नाटकात मुलं दिसतात, निर्णय मात्र सगळे मोठ्यांचे असतात. संहिता कुणी निवडली? सरांनी. राजा कोण आणि झाड कोण, हे कुणी ठरवलं? बाईंनी. नाटक वीस मिनिटांचंच हवं, कारण पुढे बक्षीस समारंभ आहे, हे मुख्याध्यापकांनी ठरवलं. तेव्हा शाळेच्या नाटकाची समीक्षा म्हणजे मुलांच्या अभिनयाची चिरफाड नव्हे. ती आपणा मोठ्यांच्या निर्णयांची समीक्षा आहे. मुलांबद्दल आज आम्ही एकही वावगा शब्द काढणार नाही. तुम्हां-आम्हांबद्दल मात्र थोडं बोलावं लागेल.

आणि दुसरं. ज्या गोष्टीची समीक्षा होत नाही, ती गोष्ट महत्त्वाची नाही असंच आपण म्हणत असतो. दहावीच्या निकालाची समीक्षा होते, शाळेच्या क्रिकेट संघाचीही होते. नाटकाचं फक्त कौतुक होतं, आणि दुसऱ्या दिवशी मंडपवाला कनाती सोडायला येतो तेव्हा नाटक विसरलेलं असतं.

एक प्रसंग सांगतो. एका तालुक्याच्या गावी डिसेंबरच्या शेवटी आम्ही गॅदरिंगला गेलो होतो. मैदानावर मंडप होता, पुढे सोफ्यावर पाहुणे, मागे गावातली हजार-बाराशे माणसं. अफजलखानाच्या भेटीचा प्रवेश सुरू झाला. खान झालेला मुलगा नववीतला, अंगानं किडकिडीत, दाढी गालावरून सारखी सुटत होती. पण आवाज? आवाज असा घनगंभीर की मागच्या रांगेतली पोरं चिडीचूप झाली. अर्थात तो आवाज त्या मुलाचा नव्हता. संवाद शहरातल्या स्टुडिओत एका व्यावसायिक कलाकाराकडून रेकॉर्ड करून आणले होते, मागे पार्श्वसंगीतासकट. मुलानं फक्त ओठ हलवायचे. आता बहुतेक गॅदरिंगांत असंच चालतं, तुम्हांलाही माहीत आहे.

आणि ऐन शामियान्यात लाइट गेले.

ट्रॅक बंद पडला. खानाचे हात पसरलेले, तसेच राहिले. महाराज झालेला मुलगा दोन पावलं पुढे आला होता, तो तिथंच थांबला. लोकांनी मोबाईलचे टॉर्च लावले, त्या उजेडात मुलं नीट दिसत होती. जनरेटर सुरू व्हायला तीन-चार मिनिटं लागली. त्या तीन-चार मिनिटांत मंचावरचा एकही मुलगा पुढचं वाक्य बोलला नाही. आम्ही वाट पाहत होतो, की कुणीतरी बोलेल. शिवाजी महाराजांची गोष्ट आहे, महाराष्ट्रातल्या पोरांना ती वेगळी पाठ करावी लागत नाही. पण कुणी बोललं नाही. लाइट आले, साउंडवाल्यानं ट्रॅक पहिल्यापासून लावला, आणि मुलं पळत विंगेत जाऊन पुन्हा पहिल्यापासून आली.

नंतर आम्ही त्या खानाला जवळ बोलावून विचारलं, ‘अरे, पुढचं वाक्य का नाही बोललास?’ तो म्हणाला, ‘सर, आम्हांला वाक्यं नव्हती दिली. ट्रॅकवर तोंड हलवायचं होतं.’

या मुलाची त्यात काही चूक नाही. शिक्षकांचीही पूर्ण चूक आम्ही म्हणणार नाही. आमच्यातले प्रकाशयोजनावाले गृहस्थ ट्रॅकची बाजू घेतात. ते म्हणतात, मैदानात हजार माणसं, मंचावर दोन माइक, आणि मुलगा माइकपासून हातभर बाजूला सरकला की त्याचं वाक्य गेलं. मागचे लोक ओरडतात, ‘आवाज, आवाज!’ पाहुणे घड्याळ बघतात. अशा वेळी त्या शिक्षकानं काय करावं? ट्रॅक ही त्याची सोय आहे. हे सगळं बरोबर आहे. पण सोयीची किंमत काय पडते, ते पाहिलं पाहिजे.

पहिली किंमत अशी की नाटकातलं ऐकणं संपतं. नाचात पुढची हालचाल गाणं ठरवतं. नाटकात पुढची हालचाल समोरच्याच्या वाक्यानं ठरते. समोरचा चुकला तर सावरायचं असतं, लोक हसले तर हसू ओसरेपर्यंत थांबायचं असतं. चौदा वर्षांचं पोर मंचावर उभं राहून शेकडो लोकांचं हसू ओसरण्याची वाट बघतं, तेव्हा ते जे शिकतं ते वर्गात शिकवता येत नाही. ट्रॅक थांबत नाही. लोक हसोत, रडोत, तो आपला पुढं जातो. म्हणजे आपण नाटकाच्या नावाखाली आणखी एक नाच बसवला, इतकंच.

दुसरी किंमत जास्त मोठी आहे. मुलाचं शरीर मंचावर राहतं, आवाज दुसऱ्याचा येतो. तोही ‘शुद्ध’ मराठीतला. आईबाप समोर बसलेले असतात, ते आपल्या पोराला ओळखतात, पण त्याचा आवाज त्यांना ऐकू येत नाही. आवाजाचा हा मुद्दा जरा धरून ठेवा. त्यावर पुन्हा यायचं आहे.

आता गॅदरिंगकडून स्पर्धेकडे येऊ. स्पर्धेत ट्रॅक चालत नाही, मुलं स्वतः बोलतात. राज्य शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय बालनाट्य स्पर्धा घेतं, शिवाय ठिकठिकाणी आंतरशालेय स्पर्धा होतात. तिथं कष्ट दिसतात. तालमी झालेल्या असतात, नेपथ्य नेटकं असतं. मग अडचण कुठं आहे?

अडचण आमच्या टेबलावर होती. आता आमची चूक सांगतो.

एका स्पर्धेत शेवटी दोन नाटकांत चुरस होती. पहिलं नाटक शहरातल्या एका मोठ्या शाळेचं. विषय शेतकऱ्याची आत्महत्या. सातवी-आठवीची मुलं. बाप झालेल्या मुलानं डोक्याला मुंडासं बांधलेलं, आवाज खर्जात लावलेला, ‘काय करू वो मालक, पिकच आलं नाय’ अशी भाषा. शेवटी वरून दोर खाली आला, निळा प्रकाश, बासरी. सभागृह रडलं. आम्हीही थोडे रडलो, खोटं कशाला सांगा.

दुसरं नाटक एका खेड्यातल्या शाळेचं. विषय अगदी साधा. गावात टँकर येतो, नळावर भांडण होतं, आणि एका मुलीला पाणी भरण्यापायी रोज शाळेत उशीर होतो. त्याबद्दल वर्गात तिला उभं करतात. एवढंच. मुलांनी आणि त्यांच्या बाईंनी मिळून लिहिलेलं. नेपथ्य म्हणजे सात-आठ घागरी आणि प्लास्टिकचे कॅन. रांगेतलं भांडण मात्र असं खरं की पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकली. शेवट त्यांना जमला नव्हता. नाटक एकदम थांबलं, आणि पडदा ओढणाऱ्या मुलालाही ते कळलं नाही.

आमच्या हातात गुणपत्रिका होती. लेखन, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा. आणि अभिनयाखाली एक छोटी ओळ : उच्चार आणि वाचिक. पहिल्या नाटकाला आम्ही तिथं भरभरून गुण दिले. शेरा लिहिला, ‘ग्रामीण बोलीचा लहेजा उत्तम पकडला.’ दुसऱ्या नाटकातली ती मुलगी ‘पानी’ म्हणत होती. ‘पानी आलं नाय बाई, मंग उशीर झाला.’ तिथं आम्ही शेरा लिहिला, ‘उच्चारांकडे लक्ष हवं. न आणि ण.’ आणि गुण कापले. पहिलं नाटक पहिलं आलं. दुसऱ्याला उत्तेजनार्थ मिळालं.

बक्षीस समारंभानंतर ती मुलगी आमच्या टेबलाशी आली. बहुधा बाईंनी पाठवली असावी. म्हणाली, ‘सर, आमचं काय चुकलं?’ आमच्यातल्या एकानं तिला समजावून सांगितलं, ‘बाळा, छान केलंस, फक्त पाणी म्हणायचं, पानी नाही.’ तिनं मान हलवली. ‘हो सर’ म्हणाली आणि गेली.

परतीच्या गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, ‘आपण आज काय केलं कळतंय का? शहरातल्या पोरानं खेडवळ बोलण्याचं सोंग आणलं, त्याला गुण दिले. खेड्यातली पोरगी आपल्या घरची भाषा बोलली, तिचे गुण कापले.’

त्या गाडीतल्या वाक्यापासून आमचं हे व्याख्यान सुरू होतं. गॅदरिंगच्या ट्रॅकला आम्ही नावं ठेवत होतो, की तो मुलाचा आवाज काढून घेतो. स्पर्धेत तेच काम आम्ही गुणपत्रिकेनं केलं होतं. त्या मुलीचा आवाज मंचावर होता, आमचे कान जागेवर नव्हते.

आता थोडं मागे जाऊ, कारण मराठीत ही गोष्ट आधी कुणाला कळलीच नव्हती असं नाही. सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणलं. मुलांचं नाटक म्हणजे कसंतरी उरकायचं काम, ही समजूत त्यांनी मोडली. मोठ्यांच्या नाटकाला जे नेपथ्य, जी प्रकाशयोजना, ती मुलांच्या नाटकाला का नको, असा तो आग्रह होता. मतकरींनी पुढे ‘बालनाट्य’ ही आपली संस्था काढली. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली आणि ती आजही लोकांच्या लक्षात आहे. ही परंपरा मोठी आहे. पण तिचा शाळांवर एक नको तो परिणाम झाला. शाळांनी तिचा पोशाख उचलला. चेटकीण, राक्षस, राजपुत्र, झगमगीत कपडे भाड्यानं. तालमीची शिस्त उचलली नाही.

दुसरी वाट तेंडुलकरांची. विजय तेंडुलकर म्हटलं की आपल्याला ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवतं, पण त्यांनी मुलांसाठीही नाटकं लिहिली. एका बालनाट्याचं नावच ‘पाटलाच्या पोरीचं लगीन’ आहे. लक्षात घ्या, ‘पाटील यांच्या कन्येचा विवाह’ नाही. मुलांच्या नाटकाच्या मुखपृष्ठावर ‘पोरगी’ आणि ‘लगीन’ बसलेले असताना, इतक्या वर्षांनी आम्ही टेबलावर बसून ‘पानी’ला लाल रेघ मारत होतो.

तिसरी वाट खुद्द शाळेतून निघते. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७० च्या दशकात प्रायोगिक रंगभूमीची चळवळ उभी राहिली, हे सगळ्यांना माहीत आहे. ‘आविष्कार’ची नाटकं तिथं झाली. पण सुलभा देशपांडे मूळच्या छबिलदासमधल्या शिक्षिका, आणि शाळेतल्या मुलांची नाटकं बसवता बसवता त्या नाटकात मुरल्या, हे कमी लोकांच्या लक्षात असतं. पुढे त्यांनी आणि अरविंद देशपांडे यांनी आविष्कारची मुलांची शाखा म्हणून ‘चंद्रशाळा’ चालवली, ‘दुर्गा झाली गौरी’सारखं मुलांनी भरलेलं नृत्यनाट्य केलं. म्हणजे आपल्याकडच्या प्रायोगिक नाटकाला छप्पर एका शाळेनं दिलं. त्या बदल्यात बाकीच्या शाळांना नाटकवाल्यांनी काय दिलं, असं विचारलं तर चंद्रशाळेसारखी दोन-चार नावं घेऊन आपण गप्प होतो.

आणि १९८६ च्या सुमारास पुण्यात डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत मराठीत आणली. ग्रिप्समध्ये मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात. पण ती बोबडं बोलत नाहीत, लाडिक होत नाहीत. मुलांच्या खऱ्या अडचणी, घरातली भांडणं, आईबापांचा वेळ नसणं, हे सगळं मुलांच्या बाजूनं मांडतात. आता आपल्या स्पर्धेतलं चित्र याच्याशी ताडून बघा. ग्रिप्समध्ये मोठे लोक कष्टानं मूल होतात. आपल्याकडे बारा वर्षांचं मूल कष्टानं मोठं माणूस होतं. मिशी लावतं, खर्जात बोलतं, कर्जबाजारी बाप होतं, आणि शेवटी पुढं येऊन प्रेक्षकांना पर्यावरणाचा नाहीतर मोबाईलच्या दुष्परिणामांचा संदेश देतं. तो संदेश आपला असतो. आपणच तो लिहितो, मुलांच्या तोंडी घालतो आणि समोर बसून ‘बघा, मुलं किती समजूतदार आहेत’ म्हणून डोळे पुसतो.

बालनाट्य या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी घालतो, असं आमचं मत आहे. मोठ्यांनी मुलांसाठी केलेलं नाटक, मुलांनी मुलांसाठी केलेलं नाटक, आणि मुलांनी मोठ्यांसाठी केलेलं नाटक. पहिलं लिटल थिएटरनं केलं, ग्रिप्सनं केलं. दुसरं चंद्रशाळेसारख्या ठिकाणी थोडंफार झालं. शाळांमधून बहुतेक होतं ते तिसरं. पाहुण्यांसाठी, संस्थाचालकांसाठी, परीक्षकांसाठी. म्हणजे आमच्यासाठी. शाळेतली बाकीची मुलं प्रेक्षक म्हणून मागे जमिनीवर बसतात, त्यांना काय आवडलं हे कुणी विचारत नाही.

आता एक चांगलं उदाहरण. नाव सांगत नाही, कारण सरांना ते आवडणार नाही. एका जिल्ह्याच्या गावी एक इतिहासाचे शिक्षक वीसेक वर्षं दरवर्षी एक नाटक बसवत होते. गॅदरिंगमध्ये नव्हे. गॅदरिंगला त्यांनी नाच-गाणी सोडून दिली होती. नाटक जानेवारीत, शाळेच्याच एका लांबट वर्गात, बाकं बाहेर काढून. दीडशे माणसं बसतील एवढीच जागा. माइक नाही. तीन प्रयोग : एक शाळेतल्या मुलांसाठी, एक पालकांसाठी, एक गावासाठी. ट्रॅक का लागतो, याचं उत्तर त्यांनी किती सोपं काढलं होतं बघा. आवाज पोचत नाही तर माणसं कमी बसवा आणि प्रयोग वाढवा.

त्यांच्याकडे एक लोखंडी कपाट होतं. त्यात पगड्या, काठ्या, रंगाचे डबे, जुने पडदे, आणि प्रत्येक वर्षाची एक वही. वहीत कुणी कुठं उभं राहायचं याची चित्रं, प्रॉम्प्टर कोण, पेटी कोण वाजवणार, चहा कोण आणणार, सगळं. पाचवीतला मुलगा पहिल्या वर्षी खिळे-दोरी सांभाळायचा, आठवीत प्रॉम्प्टर व्हायचा, नववीत मंचावर यायचा. सगळ्यांना क्रम माहीत होता. जून महिन्यात मुलं येऊन विचारायची, ‘सर, यंदा काय?’

सगळी नाटकं चांगली होती असं मात्र नाही. समीक्षा करायची म्हटल्यावर हेही सांगायला हवं. सरांना ऐतिहासिक विषयांचं वेड होतं, त्यामुळे मुलींना वर्षानुवर्षं आई आणि दासी याच भूमिका मिळाल्या. प्रयोग लांबायचे. एका वर्षी तर दुसरा अंक संपेपर्यंत पहिल्या रांगेतली दोन पोरं झोपली होती. पण एक गोष्ट आम्ही तिथं प्रत्येक वेळी पाहिली. मंचावरचं मूल समोरच्याचं ऐकत होतं. एकदा एका मुलाचं वाक्य अडलं, तर शेजारच्यानं आपल्याच शब्दांत, आपल्याच बोलीत त्याला पुढं नेलं. प्रेक्षकांना कळलंही नाही. मंडपातला तो खान आम्हांला तेव्हा आठवला.

सर निवृत्त झाले. पुढच्या उन्हाळ्यात कपाटाची जागा संगणकाच्या खोलीसाठी लागली. कपाट भंगारात गेलं. वह्या कुठं गेल्या, शाळेत कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हापासून तिथं नाटक नाही. गॅदरिंगला ट्रॅक वाजतो.

इथं खरा प्रश्न येतो. आपल्याकडे शाळेचं नाटक म्हणजे एका माणसाची हौस. तो माणूस गेला की नाटक गेलं. गणिताचे सर निवृत्त झाले म्हणून शाळेतलं गणित बंद पडत नाही, कारण गणिताचं पद असतं, तास असतो. नाटकाचं पद आपल्या शाळांत सहसा नसतं. केंद्राच्या २००५ च्या अभ्यासक्रम आराखड्यात कला, संगीत, नृत्य आणि नाटक यांना शिक्षणात जागा द्या, असं सविस्तर मांडलेलं आहे. कागद आहे, कपाट मात्र भंगारात आहे.

दुसरीकडे काय आहे, हे कळण्यापुरतं अमेरिकेचं बोलू. तिथल्या अनेक हायस्कुलांत नाटकाचा रीतसर विभाग असतो. शिक्षक असतो, सामानाची खोली असते, आणि वर्षाचं वेळापत्रक असतं : साधारणपणे शरद ऋतूत एक नाटक, वसंतात एक संगीतिका. १९२९ साली सुरू झालेली ‘इंटरनॅशनल थेस्पियन सोसायटी’ नावाची शालेय विद्यार्थ्यांची संस्था आहे. ती नाटकातल्या कामाचे गुण मोजते, आणि पडद्यामागच्या कामाचेही मोजते. थॉर्नटन वायल्डरचं ‘अवर टाउन’ हे १९३८ चं नाटक तिथल्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. त्याला नेपथ्य जवळजवळ नाहीच. टेबलं, खुर्च्या, दोन शिड्या. दूध, भांडी, वर्तमानपत्र, सगळं हातवाऱ्यानं दाखवायचं. आणि पहिल्या अंकातली मुलगी आणि मुलगा शाळकरी वयाचेच आहेत. म्हणजे तिथल्या पोरांना निदान एक अंक आपल्याच वयाचं राहता येतं.

तिथं सगळं आलबेल आहे असं सुचवायचं नाही. कुठलं नाटक करू द्यायचं यावरून तिथंही पालक भांडतात, पैसा कमी पडला की पहिली कात्री कलांवरच चालते. पण कात्री लावायला तरी तिथं काही आहे. शिक्षक गेला तर जागा रिकामी दिसते, ती भरावी लागते. आपल्याकडे जागाच नाही, म्हणून रिकामी झालेली कळत नाही.

मग आपण काय करावं? शासनानं पदं भरावीत, हे म्हणणं सोपं आहे आणि ते म्हटलंच पाहिजे. पण येत्या डिसेंबरपर्यंत ते होणार नाही, आणि तुमचं गॅदरिंग डिसेंबरात आहे. तेव्हा हाताशी असलेलं सांगतो. नाटक गॅदरिंगमधून बाहेर काढा. एका वर्गात करा, ट्रॅकशिवाय करा, दोनदा-तीनदा करा. पहिला प्रयोग शाळेतल्या मुलांना दाखवा, पाहुण्यांना शेवटचा. एक वही ठेवा, आणि ती दोन शिक्षकांना माहीत असू द्या, एकाला नको. आणि लिहिताना एवढं पाहा, की मुलाच्या तोंडी जे वाक्य घालतोय ते त्यानं कधी घरी उच्चारलं असतं का.

पालकांनाही एक विनंती. ‘माझ्या मुलाला मुख्य भूमिका का नाही’ हे विचारायला तुम्ही शाळेत येता. या वर्षी ‘माझं मूल स्वतः बोलणार आहे ना’ हे विचारायला या.

आणि परीक्षकांसाठी, म्हणजे आमच्यासाठी. त्या स्पर्धेनंतर आम्ही जिथं जातो तिथं गुणपत्रिका आधी मागून घेतो. ‘उच्चार’ ही ओळ खोडून तिथं ‘स्पष्ट ऐकू येतं का’ असं लिहू द्या, अशी विनंती करतो. काही आयोजक मान्य करतात, काही करत नाहीत. एकांनी विचारलं, ‘म्हणजे शुद्ध भाषा शिकवायचीच नाही का?’ शिकवा ना. प्रमाणभाषा मुलांना यायलाच हवी, पुढं अर्ज-मुलाखती सगळं त्याच भाषेत आहे. त्यासाठी वर्षभराचे तास आहेत. ज्या मुलीला पाण्यामुळे उशीर होतो, तिनं आपली गोष्ट सांगताना ‘पानी’ म्हटलं, तर त्या वीस मिनिटांत तरी तिला थांबवू नका. ती ‘पाणी’ म्हणाली असती तर ते पात्र खोटं पडलं असतं. नाटकाच्या साध्या नियमानंसुद्धा आम्ही चुकलो होतो.

ती मुलगी आता कॉलेजात असेल, किंवा तिचं लग्न झालं असेल. त्या दिवशी तिनं ‘आमचं काय चुकलं’ म्हणून विचारलं आणि आम्ही चुकीचं उत्तर दिलं. तिचं गाव आम्हांला माहीत आहे, नाव मात्र आम्ही विचारलं नव्हतं. तिला जे सांगायला हवं होतं ते आज इथं तुम्हांला सांगतोय. तुमच्यापैकी कुणाच्या वर्गात अशी मुलगी असेल, तर तिला आमच्या वतीनं सांगा, की तुझं काही चुकलं नव्हतं. शेवट थोडा जमवायला हवा होता, एवढंच.

इथंच थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर बसून बोलू.